लेकीच्या दुकानातलं पाणी

डिसेंबर लागला की मला अकोल्याची आठवण येते आणि पोटात दुखायला लागतं. अकोल्यात माझी धाकटी बहीण असते. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. अमरावतीत माझं आणि माझ्या नवऱ्याचंही तसंच दुकान आहे. माल साधारण सारखाच. फरक एवढाच, की हिवाळ्यात तिच्या दुकानापुढे ट्रक उभे करायला जागा मिळत नाही आणि मी माझ्या काउंटरवर बसून स्वेटर विणू शकते. कोणी म्हणेल, सख्ख्या बहिणीचं चांगलं झालेलं बघवत नाही का? नाही बघवत. चुलत बहिणीचं एक वेळ बघवलं असतं.

तिची गर्दी ज्या मालानं होते तो माल आधी सांगते. गाडीच्या पुढच्या काचेवर आतून वाफ धरते, समोरचं दिसेनासं होतं. ती वाफ घालवायला आत गरम हवा सोडावी लागते. त्यासाठी ब्लोअरची मोटर लागते, तिच्यावरचा पंखा, हिटरची जाळी, त्या जाळीत इंजिनाचं गरम पाणी नेणारे पाइप आणि डॅशबोर्डवरचा नॉब फिरवला की झडप उघडणारी केबल. थंड मुलखात काचेवर बर्फ जमतो, तोही हेच सामान वितळवतं. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात स्टिअरिंगला ओला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवतात. इथं गाडीत गरम हवा सोडायचा माल कोण घेणार, असं सगळ्यांनाच वाटायचं.

इतकं वाटायचं, की हिटरची जाळी गळायला लागली तर आमच्याकडचे मिस्त्री ती बदलतच नाहीत. येणारा आणि जाणारा पाइप एका वाकड्या तुकड्यानं एकमेकांना जोडून टाकतात आणि जाळीला कायमची सुट्टी देतात. आपल्याकडं हिटर कायले पाह्यजे, असं मिस्त्री म्हणतो, गिऱ्हाईक मान डोलावतं, दोघं चहा पितात. तो वाकडा तुकडा माझे वडील त्यांच्या तिवशाच्या दुकानात वर्षानुवर्षं विकत आले. तुम्ही अर्ध्या तालुक्यातल्या गाड्यांची ऊब काढून घेतली, असं मी त्यांना चिडवायचे. मग हीच मंडळी पावसाळ्यात लेकरंबाळं घेऊन चिखलदऱ्याला निघायची. परतवाड्याच्या पुढे घाट लागला, ढग खाली आले, की काच आतून पांढरी. कोणी दुपट्ट्यानं पुसायचं, कोणी तंबाखूची चिमूट चोळायचं, एकानं तर कापलेला बटाटा बरोबर ठेवला होता. परत आल्यावर माझ्याकडे येऊन विचारायचे, ताई, काचेवर मारायची बाटली हाय का? ती बाटली म्हणजे माझा पावसाळ्यातला धंदा.

कंपनीचा माणूस आधी आमच्याकडेच आला होता, हे मी अजून विसरलेले नाही. ब्लोअर आणि हिटरच्या मालाची एजन्सी द्यायला तो नागपूरच्या डेपोतून आला, तो नेमका उन्हाळ्यात. माझ्या नवऱ्यानं त्याला माठातलं पाणी दिलं, बाहेरच्या उन्हाकडं बोट दाखवलं आणि विचारलं, साहेब, इथं गरम हवा विकत घेईन कोण? मीही हसले. तो माणूस तिथून उठून बडनेऱ्याला गाडीत बसला आणि अकोल्याला उतरला. माझ्या बहिणीनं त्याला दुसराच प्रश्न विचारला म्हणे. आमचे ट्रक हिवाळ्यात कुठं जातात, ठाऊक आहे का?

तिच्या गिऱ्हाइकांचे ट्रक पंजाबात जातात. कापसाच्या गाठी घेऊन जातात, तूरडाळ घेऊन दिल्लीकडे जातात. तिकडे डिसेंबर-जानेवारीत इतकं धुकं असतं, की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता शोधतात. वऱ्हाडातल्या मिस्त्र्यांनी हिटर तोडून ठेवलेले ते सगळे ट्रक तिनं एक एक करून परत जोडायला लावले. वरुड-मोर्शीची संत्री आमच्या जिल्ह्यातली, पण ती दिल्लीला नेणाऱ्यांतलेही कितीतरी ट्रक अकोल्याच्या मालकांचे, म्हणजे तिच्याच गिऱ्हाइकांचे. आमची संत्री तिच्या काचेतून दिल्ली बघायला लागली. कंपनीनं अकोला, अमरावती, वाशीम असे जिल्हे तिच्या दुकानाला जोडून दिले. म्हणजे आता माझ्या दुकानात मोटर येते ती नागपूरहून माझ्या दारावरून अकोल्याला जाते आणि तिथून तिच्या बिलावर उलटी माझ्याकडे येते. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ते हेच. पहिली पेटी आली तेव्हा तिच्यावर बहिणीच्या दुकानाचा शिक्का बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ती दोन दिवस उघडली नाही.

पण माल कोणाकडून का येईना, दुकान चालतंच. माझा जीव जळत होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. बाबा कोणाच्या दुकानात बसणार, हा खरा प्रश्न होता.

बाबांना आम्ही दोघी मुलीच. त्यांचं दुकान तिवशाला, नागपूर रोडवर. मोझरीला जाणाऱ्या जत्रेकरूंच्या जीपा, कापसाच्या गाड्या, एसटीचे ड्रायव्हर, सगळे त्यांच्या टपरीवजा दुकानासमोर थांबायचे. पुढे रस्ता मोठा झाला, गाड्या गावाला वळसा घालून भरधाव जायला लागल्या, थांबणारं कोणी राहिलं नाही. आई त्याच्या आधीच गेली होती. बाबांनी एक दिवस माल आम्हा दोघींत वाटून दिला, शटर ओढलं आणि घरी बसले. घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. शेजारच्या बायका सांगायच्या, तुमचा बाप अंगणातल्या सायकलचे नटबोल्ट काढते अन् परत लावते.

मी म्हटलं, माझ्याकडे बसा. बहीण म्हणाली, माझ्याकडे बसा. दोघींच्या मध्ये एक अडचण होती. बाबा लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत.

हा जुना नेम आहे. लेक दिली की तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, अन्न नाही नि पाणीही नाही. नातवंड झालं की नेम सुटतो, असं आमच्यात म्हणतात, आणि बहुतेकांचा सुटतो. बाबांनी तो सोडला नाही. माझा मुलगा झाला तेव्हा पाळण्याजवळ बसून ते म्हणाले, नातू तुमच्या घरचा आणि पाणीही तुमच्याच घरचं. माझ्या घरी आले तरी ओट्यावर बसायचे आणि पिशवीतून स्वतःची स्टीलची बाटली काढायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातचा घोटभर चहा त्यांच्या पोटात गेला नाही. तरी मला समाधान होतं, कारण तिच्याही हातचा गेला नव्हता. आम्ही दोघी या बाबतीत सारख्या होतो.

बाबांनी मधला मार्ग काढला. काही दिवस माझ्या दुकानात, काही दिवस तिच्या. अमरावतीला ते तिवशाहून सकाळच्या एसटीनं यायचे, डबा आणि बाटली घेऊन. अकोल्याला गेले की त्यांच्या चुलतभावाकडे मुक्काम, जेवणही तिथंच. मी मनात ठरवलं, माझ्याकडे त्यांना इतकं बरं वाटलं पाहिजे, की अकोल्याची वारी आपोआप बंद होईल. गल्ल्यामागे त्यांच्यासाठी नवी गादी टाकली. वर पंखा लावला. कोणी मिस्त्री आला की मी आधी ओळख करून द्यायचे, हे आमचे बाबा. ते काउंटरकडे यायला लागले की म्हणायचे, बसा तुम्ही, आयुष्यभर केलंत. एखादी पेटी उचलायला वाकले की मी धावायचे. गादीला टेकून ते रस्त्याकडे बघायचे. दुपार कलली की त्यांची बाटली संपायची. मग ते ओठांवरून जीभ फिरवायचे, घड्याळाकडे बघायचे आणि तिवशाची गाडी किती वाजता आहे ते विचारायचे. आमच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं गोड पाणी येतं, माठ भरलेला असायचा, आणि माझा बाप तहानलेला घरी जायचा.

हळूहळू माझ्याकडचे दिवस कमी झाले आणि अकोल्याचे वाढले. कापसाचा सीझन सुरू झाला तसे ते तिकडेच राहायला लागले. फोन केला की म्हणायचे, काम हाय. कसलं काम, ते सांगायचे नाहीत. बहिणीला विचारलं तर ती हसायची आणि विषय बदलायची. आता माझा जळफळाट लपवण्यासारखा उरला नव्हता. नवरा म्हणाला, तिकडे त्यांना गर्दी आवडत असेल. मी त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरले आणि कबूलही केलं नाही.

त्याच सुमाराला एक भांडण निघालं. ब्लोअरच्या काही मोटरा माझ्याकडे तक्रारीत परत आल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणायचं, बंद पडली, बदलून द्या. अशी मोटर मी अकोल्याला पाठवायची, तिनं कंपनीकडे पाठवायची, मग नवी यायची, अशी रीत. मी पाठवलेल्या जवळजवळ सगळ्या मोटरा तशाच परत आल्या. प्रत्येकीवर खडूनं एक पांढरी रेघ. रेघ म्हणजे माल ठीक आहे, बदलून मिळणार नाही. एकदा, दोनदा ठीक आहे, पण एक पेटीच्या पेटी रेघा ओढून परत आली तेव्हा माझा संयम संपला. ही माझ्या दुकानाचं नाव खराब करायला निघाली आहे, हे मला स्पष्ट दिसत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला तिच्याशी भांडायचं होतं आणि बाबांना परत आणायचं होतं. ती पेटी घेऊन मी बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तिला काय काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं.

अकोल्यात तिच्या दुकानापुढे नेहमीप्रमाणे ट्रक. एका ट्रकच्या केबिनमध्ये मिस्त्री आडवा झोपून हिटर जोडत होता. दुकान भरलेलं. मी आत शिरले आणि गल्ल्यावर बाबा दिसतील म्हणून तिकडे पाहिलं. गल्ल्यावर बहीण होती. बाबा मागच्या बाजूला, पोत्यावर मांडी घालून बसले होते. समोर एक जुनी बॅटरी, तिच्यातून निघालेल्या दोन वायरी, मोटरांची रांग, आणि कानावर खडू. हात कोपरापर्यंत काळे. ते एक मोटर उचलायचे, वायर लावायचे, कान लावून ऐकायचे आणि खडूची रेघ ओढायचे.

म्हणजे माझ्या मोटरा परत पाठवणारा हा होता. माझा स्वतःचा बाप.

मी काही बोलणार तेवढ्यात बहिणीनं गल्ल्यावरून हाक मारली, बाबा, पाणी. दुकानातला पोऱ्या स्टीलचा पेला घेऊन आला. बाबांनी काळे हात पँटला पुसले, पेला घेतला, मान वर केली आणि सगळं पाणी एका दमात पिऊन पेला त्याच्या हातात परत दिला. मी जिथं होते तिथंच उभी राहिले. हातातली पेटी जड आहे हे मला तेव्हा कळलं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमी इथं पाणी पेता?"

बाबांनी वर पाहिलं. मी आले याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं, पण चोरी पकडल्यासारखं काही वाटलं नाही.

"इथं मी नोकर हाय, माय," ते म्हणाले. "पगार घेतो. नोकरानं मालकाचं पाणी पेलं तं काय बिघडते?"

मी बहिणीकडे पाहिलं. ती कोणाला तरी केबल दाखवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. हिनं बापाला पगार लावला होता. तिनं तो दिला, यांनी तो घेतला, आणि तेवढ्यानं इतक्या वर्षांचा नेम सुटला. इतकं सोपं होतं, आणि मला सुचलं नाही. मला गादी सुचली. मला पंखा सुचला. रागापेक्षा मला त्या वेळी तिची हुशारी जास्त झोंबली.

बाबांनी माझ्या हातातली पेटी ओढून घेतली आणि एक मोटर काढली. ही चालत नाही, मी म्हटलं. त्यांनी तिच्या पंख्याच्या जाळीत बोट घातलं आणि आत घट्ट बसलेला कापसाचा एक बोळा बाहेर काढला. मग वायर लावली. मोटर घरघरत फिरायला लागली. जिनिंगच्या आवारात आणि मार्केट यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या या मोटरा, त्यांनी हवेबरोबर सरकी सुटलेला कापूस आत ओढला होता. पंखा अडला, मोटर फिरेना, मिस्त्री म्हणाला मोटर गेली, मी म्हटलं मोटर गेली. बाबांनी पेटीतल्या सगळ्या मोटरांमधून बोळे काढले, बोळ्यांचा एक छोटा ढीग केला आणि रेघा ओढल्या. माझी एकही मोटर बदलून मिळाली नाही. आपल्या लेकीची म्हणून एखादी रेघ न ओढता सोडतील असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

निघताना बहीण मला ऑटोपर्यंत सोडायला आली. मी गप्प होते. माझ्या गप्प राहण्याला ती लहानपणापासून ओळखते.

"ताई, तू जळून राहिली ना माह्यावर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो.

"मी तुह्यावर जळतो," ती म्हणाली. "तुह्याकडं बाबा बाप म्हणून येते, गादीवर बसते. अन् मले त्यायले नोकर करा लागलं, तेव्हा कुठं त्यायनं पाणी पेलं. मले नोकर भेटला, ताई. बाप तुलेच भेटला."

ऑटो आला, मी बसले. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण बडनेऱ्याला उतरेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तोच पेला होता. बाप मला मिळाला हे ठीक, पण पाणी तर तिनंच पाजलं होतं. अकोल्याकडचं पाणी, खारपाणपट्ट्यातलं. तिच्या दुकानाच्या बोअरच्या पाण्यात चहा केला तर तो फाटतो, हे मी स्वतः पाहिलंय. ते चालतं यांना.

पुढच्या आठवड्यात बाबा अमरावतीला आले तेव्हा मी तयारीत होते. गादी काढून टाकली होती. त्यांच्यासाठी मी कामाचा विचार केला होता, पगाराचाही केला होता. ते पायरी चढून आत आले, गादीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि उभेच राहिले. मी त्यांना म्हटलं, आजपासून तुम्ही इथं कामाला. अकोल्यात जेवढं मिळतं त्याहून जास्त देईन.  बाबांनी पिशवी खाली ठेवली.

"एका लेकीचा नोकर झालो, तेवढं पुरे," ते म्हणाले. "एका ठिकाणी तं मले बाप राहू दे."

मी आतून गादी आणून परत टाकली. ते बसले. बाटली शेजारी ठेवली. दुपार कलली, बाटली संपली, ते घड्याळाकडे बघायला लागले. पुन्हा तेच.

होळी झाली, ऊन चढलं. आमच्याकडे चैत्र लागला की रस्तोरस्ती पाणपोया लागतात. कोणाच्या आईच्या नावानं, कोणाच्या वडिलांच्या, कोणाच्या मंडळाच्या. समोरच्या टायरवाल्यानं त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ लावली, वर फोटो, खाली नाव. बाबा गादीवरून त्या पाणपोईकडे बघत होते आणि मी बाबांकडे बघत होते. त्यांची बाटली रिकामी होती. ते उठले, चपला घातल्या, रस्ता ओलांडला, टायरवाल्याच्या रांजणातून पाणी पिऊन परत आले. टायरवाल्याचं पाणी चालत होतं. मला टायरवाल्याचाही हेवा वाटला, आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी मी दोन रांजण आणले. दुकानाच्या पायरीखाली, रस्त्याच्या कडेला, विटांवर मांडले. ओलं गोणपाट गुंडाळलं, वाळा टाकला, वर लाकडी झाकण आणि दांडीचा पेला. नवरा म्हणाला, पाटी लाव, दुकानाची जाहिरात होईल. पेंटर दारात आलाही होता. मी त्याला परत पाठवलं. पाटीवर माझं नाव आलं असतं तर ते लेकीचं पाणी झालं असतं, आणि लेकीचं पाणी नको होतं. मला रस्त्याचं पाणी हवं होतं. नावाशिवायची पाणपोई बघून लोक विचारायचे, ताई, कोणाच्या स्मरणार्थ? मी म्हणायचे, कोणाच्याच नाही, सगळे जिवंत आहेत.

बाबा आले, पायरीपाशी थांबले. रांजणांकडे पाहिलं. पाटी शोधली, सापडली नाही.

"हे कोनाचं व माय?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याचं," मी म्हटलं.

"भरते कोन?"

"नळ भरते."

 बाबा आत येऊन बसले. दुपारी बाटली संपली तेव्हा ते उठले, पायरी उतरले, एका ऑटोवाल्याच्या मागे उभे राहिले आणि त्यांची पाळी आल्यावर पेला भरला. मी रॅककडे तोंड करून नुसत्याच पेट्या हलवत होते. ते परत आले, गादीला टेकले आणि म्हणाले, गार हाय. एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तिवशाच्या गाडीची वेळ विचारली नाही.

ही गोष्ट मी बहिणीला सांगितल्याशिवाय कशी राहीन? संध्याकाळीच फोन केला. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, बरं झालं. तिच्या आवाजावरून मला कळलं, की तिला ते लागलं. मी त्या रात्री अगदी शांत झोपले.

पंधरा-वीस दिवसांनी बाबा अकोल्याहून परत माझ्याकडे आले. गादीवर बसल्यावर त्यांनी सांगितलं, तिनंही दुकानापुढे रांजण ठेवले. दोन नाही, तीन. वर पाटी नाही. आणि पगार बंद केला. म्हणे, बाबा, आता तुमी गल्ल्यावर गादीवर बसा, मोटरा तपासायला मी दुसरा माणूस ठेवला. तिनं तेच केलं होतं जे मी केलं होतं. तिलाही बापच हवा होता.

"मग तिथं काय करता आता?" मी विचारलं.

"बसतो," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर ठेवलेले होते आणि स्वच्छ होते. नखांतही काळं नव्हतं. शर्टाच्या खिशात खडूचा एक तुकडा दिसत होता, वरून थोडा झिजलेला. आम्ही दोघींनी मिळून, एकमेकींवर जळत जळत, त्यांना पाणी पाजलं होतं आणि त्यांचं काम काढून घेतलं होतं.

कोपऱ्यात तक्रारीत आलेल्या मोटरांची पेटी पडली होती. अकोल्याला पाठवायची राहिली होती. मी ती ओढत आणली आणि गादीसमोर ठेवली. पगाराचं काही बोलले नाही, कामाचं काही बोलले नाही. नवऱ्याच्या स्कूटरची जुनी बॅटरी मागे पडली होती, तीही आणून ठेवली. दोन वायरी ठेवल्या. आणि काउंटरवर येऊन उभी राहिले.

मी एका गिऱ्हाइकाचं बिल केलं. मग मोटरीच्या पंख्याची जाळी खरवडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं मोटर फिरली. बाबांनी खडू काढल्याचं मला कळलं, कारण त्यांनी तो आधी जमिनीवर घासून त्याला टोक काढलं. दुपारपर्यंत गादीवर कापसाचे बोळे पडले होते आणि बाबांचे हात काळे झाले होते. मग ते उठले, तसेच काळे हात घेऊन पायरी उतरले आणि रस्त्याचं पाणी प्याले.

आता आठवड्यातले बरेच दिवस ते माझ्याकडेच असतात. बहिणीचा फोन येतो, ताई, बाबा काहून नाई येऊन राहिले? मी सांगते, तब्येत नरम आहे, ऊन फार आहे. माझ्या दुकानातल्या मोटरा आता अकोल्याला जातच नाहीत. त्या का जात नाहीत, हे तिला अजून कळलेलं नाही, आणि माझ्याकडून तर कळणार नाही.